न वटलेला चेक आणि बीबीए एलएलबीची पाच वर्षं

मध्यंतरी मामेबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाला बारावीनंतर 'लॉ आणि मॅनेजमेंट एकत्र' करायचंय, काय काय लागतं ते सांग म्हणाली. तासभर बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं सांगायचं राहिलं, आणि जे सांगितलं ते उलटसुलट क्रमाने. म्हणून हे लिहून काढलं. माझा अनुभव एका विद्यापीठाचा, एका कॉलेजचा आणि २०१९ ते २०२५ या काळाचा आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा तारखा आणि फी स्वतः पडताळून घ्या.

सुरुवात एका चेकपासून करावी लागेल. बार्शीत आमचं पाइप-मोटारींचं दुकान आहे. जानेवारी २०१८ मध्ये एका ठेकेदाराने १ लाख ८६ हजारांचा माल उचलला. पीव्हीसी पाइप, दोन सबमर्सिबल मोटारी, केबल. ५ फेब्रुवारीचा चेक दिला, तो बँकेतून परत आला. खात्यात पैसे नाहीत. ठेकेदार रोज म्हणायचा, "अण्णा, बिल निघालं की पहिले तुमचे." अण्णा, म्हणजे माझे वडील, थांबले. जूनमध्ये वकीलसाहेबांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी होती. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. यातलं काहीच झालं नव्हतं. चेक पुन्हा बँकेत टाकायचा, तर त्याची तीन महिन्यांची मुदतही मे महिन्यातच संपलेली. चेक न वटल्याची फिर्याद ज्याखाली करता येते ते कलम १३८ हातचं गेलं.

रात्री जेवताना अण्णा एवढंच बोलले, "तीस दिवस. कुणी सांगितलं असतं तर एकतिसाव्याची वाट कशाला बघितली असती?" मी तेव्हा बारावी कॉमर्सला होते. सीए करायचं असं घरात ठरल्यासारखं होतं. ते त्या आठवड्यात मागे पडलं.

कॉमर्सवाल्यांपुढे तेव्हा सरळ रस्ता होता तो बी.कॉम., मग तीन वर्षांची एलएलबी, मग जमलं तर एमबीए. म्हणजे आठ वर्षं. बारावीनंतरचे पाच वर्षांचे अभ्यासक्रम होते, पण आमच्याकडे माहीत होता तो बीए एलएलबी. बीबीए एलएलबी नावाचा प्रकार मला पुण्यातल्या एका आत्याने सांगितला. व्यवस्थापनाची पदवी आणि कायद्याची पदवी, दहा सत्रं, एकच कॉलेज. बारावीला खुल्या गटात ४५ टक्के हवेत, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. कुठल्याही शाखेचं चालतं. सायन्सची मुलंही होती आमच्या वर्गात.

परीक्षा राज्याच्या सीईटी सेलची. माझ्या वेळी १५० प्रश्न, दोन तास, चुकीला गुण वजा नाहीत. कायद्याची समज ४०, तर्क ४०, सामान्य ज्ञान ३०, इंग्रजी ३० आणि गणित १०. आता प्रश्नसंख्या कमी झाली आहे, तेव्हा जुने पेपर सोडवताना ते ध्यानात ठेवा. मी क्लास लावला नाही, कारण बार्शीत नव्हताच. जुने पेपर आणि रोजचं वर्तमानपत्र एवढ्यावर ९७ गुण मिळाले. हे काही भारी गुण नव्हेत. नामांकित कॉलेजं त्यात मिळत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅटही दिली होती. तिथे इंग्रजीच्या उताऱ्यांनी माझा पार निकाल लावला.

खरी परीक्षा कागदांची. आम्ही ओबीसी. म्हणजे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर ही तीन वेगळी कागदपत्रं. वेगळी म्हणजे वेगळ्या ऑफिसात, वेगळ्या वाराला. ओबीसीसाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आमच्या आजोबांचा पुरावा म्हणजे त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात त्यांचं नाव 'धोंडी' आणि पुढच्या सगळ्या कागदांवर 'धोंडिराम'. एवढ्या 'राम'साठी सोलापूरच्या चार फेऱ्या झाल्या. एकाच माणसाची दोन नावं असल्याचं शपथपत्र, मग वंशावळ, मग पुन्हा शपथपत्र. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये अर्ज केला आणि वैधता हातात पडली ती पुढच्या जुलैत, प्रवेशाच्या ऐन धामधुमीत. कुणाच्या घरी मूल अकरावीत असेल तर वैधतेचा अर्ज याच वर्षी करून टाका. बाकी सगळं नंतर जमतं.

आणखी एक. प्रत्येक शपथपत्राला आम्ही १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घेत होतो, कारण टेबलावरचा माणूस मागत होता. सरकारी कार्यालयात सादर करायच्या शपथपत्रांचं मुद्रांक शुल्क राज्यात २००४ पासूनच माफ आहे, हे मला कायदा शिकायला लागल्यावर कळलं. असे सात स्टॅम्प पेपर झाले होते. त्यातल्या एकावर तर टंकलेखकाने आजोबांना 'धोंडिबा' करून ठेवलं होतं.

बारावीचा निकाल मेच्या शेवटी लागला. मग कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा फॉर्म, कागद अपलोड, पसंतीक्रम. या पसंतीक्रमात आम्ही एक चूक केली, ती सांगते. आपल्याला मिळणारच नाहीत म्हणून वरची कॉलेजं मी यादीत टाकलीच नाहीत. टाकायला पैसे पडत नाहीत. आवडीच्या क्रमाने भरत जायचं, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत पुण्यातलं एक कॉलेज लागलं. रिपोर्टिंगच्या दिवशी सकाळी पावणेसहाची एसटी धरली. खिडकीवर मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि तो परत मिळत नाही. त्याच्या आधी पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा. मी दोन काढल्या होत्या, त्या महिन्याभरात संपल्या.

फी पहिल्या वर्षी १ लाख ४ हजार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, महिना २८०० रुपये, एका खोलीत चौघी. मेस २४०० ला, रविवारी संध्याकाळी बंद.

वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मजेशीर गोष्ट घडली. अकाउंट्सच्या मॅडमनी शिकवलं की धंदा आणि धंद्याचा मालक या दोन वेगळ्या व्यक्ती धरायच्या. मालकाने गल्ल्यातून घरखर्चाला पैसे घेतले तर ते धंद्याच्या वहीत त्याच्या नावे पडतात. हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे दूधवाल्याचे पैसे गल्ल्यातून दिले तरी रात्री रोजमेळात 'घरखर्च' म्हणून लिहिले जातात. जमा-नावे मी दुकानाच्या खतावणीवरूनच, म्हणजे खातेवहीवरूनच शिकले होते, त्यामुळे इतर मुली डेबिट-क्रेडिटला अडखळायच्या तेव्हा मी निवांत असायचे. पण त्याच दुपारी कायद्याच्या सरांना मी तेच वाक्य सांगितलं आणि ते हसले. म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या दुकानाचं कर्ज बुडलं तर बँक दुकानापाशी थांबेल का? घरापर्यंत येईल. कायद्याला दुकान आणि वडील एकच."

दोघंही बरोबर होते. एकमालकी दुकान हिशेबात वेगळं, कायद्यात एकच. कायद्यातही वेगळं हवं असेल तर कंपनी काढावी लागते. १८९७ सालचा सॉलोमन खटला चौथ्या वर्षी कंपनी कायद्यात आला, तो याच मुद्द्याचा. बूट बनवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच धंद्याची कंपनी केली, जवळपास सगळे शेअर स्वतःकडे ठेवले, आणि कंपनी बुडाल्यावर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की कंपनी म्हणजे सॉलोमन नव्हे. तोवर पहिल्या आठवड्यातली ती सकाळ आणि दुपार माझ्या डोक्यात भांडतच होती. या अभ्यासक्रमात दोन्ही बाजू एकमेकींशी जोडून कुणी देत नाही. बीबीएचे विषय शिकवायला बहुतेक तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक येत. त्यांना कायद्याशी देणंघेणं नव्हतं. कायद्याचे सर मार्केटिंगला 'ते तुमचे हलके विषय' म्हणत. जोड आपली आपणच घालायची.

भाषेचं सांगते, कारण मराठी माध्यमातल्या मुलामुलींना हीच धास्ती असते. बारावीपर्यंत मी कॉमर्स मराठीतून केलं. करार कायद्यातल्या 'कन्सिडरेशन' या शब्दाचा अर्थ मी दोन महिने 'विचार' असा धरून चालले होते. तो 'मोबदला' आहे हे कळल्यावर सगळा धडा पुन्हा वाचला. मग एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी, आणि खाली दुकानातलं उदाहरण. पहिल्या सत्रात ५४ टक्के मिळाले. इंग्रजीतून मिळवलेले ते पहिले ५४.

मार्च २०२० मध्ये चार दिवसांचे कपडे घेऊन घरी आले आणि दीड वर्ष घरीच राहिले. दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही. आधीचे आणि अंतर्गत गुण धरून पुढे ढकललं. मग ऑनलाइन तास, दुकानावरच्या गोडाउनमध्ये, कारण रेंज फक्त तिथे यायची. फौजदारी कायद्याच्या तासाला खालून "पाऊण इंची एल्बो दे गं" असा आवाज यायचा. ऑनलाइन परीक्षा बहुपर्यायी असायच्या. गुण भरपूर पडले, डोक्यात फारसं काही शिरलं नाही. संख्याशास्त्र मात्र त्याही परीक्षेत राहिलं. एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊनच पुढच्या वर्गात. फॉर्म, दंड, पुन्हा फॉर्म, आणि चौथ्या सत्रात सुटलं. एटीकेटी लागली म्हणून मी आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. पुढे कळलं की वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचा एखादा तरी विषय राहिलाय आणि कुणीच कुणाला सांगितलेलं नाही.

महाडीबीटी हे सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल एक वेगळंच प्रकरण. ओबीसीला शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळतो. अर्ज दरवर्षी, आणि तो आधी कॉलेजच्या टेबलावर अडकतो. माझा दुसऱ्या वर्षीचा अर्ज 'सेंट बॅक', म्हणजे माझ्याकडे परत, होऊन पडला होता आणि मला कळलं तोवर मुदत संपायला दोन दिवस राहिलेले. दर सोमवारी लॉगिन करून बघायची सवय लावा, एसएमएस येईल या भरवशावर राहू नका. आणि आधार ज्या बँक खात्याला जोडलंय त्याच खात्यात पैसे जातात. माझे एका हप्त्याचे गेले ते दहावीत उघडलेल्या, मी विसरूनच गेलेल्या खात्यात. ते सापडले तेव्हा सापडल्याचाच आनंद जास्त झाला. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ. माझा शेवटच्या सत्राचा निकाल त्याच महिन्यात लागला. आई अजून अधूनमधून म्हणते, "एक वर्ष नापास झाली असतीस तरी चाललं असतं."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी खोलीतली एक मैत्रीण सोडून गेली. तिला कायदा नकोसा झाला होता. तिचं म्हणणं, तीन वर्षं झाली, बीबीएचे विषय संपले, मला बीबीएची पदवी द्या, मी एमबीएकडे जाते. तशी सोय नाही. वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत स्पष्ट आहे की एकात्मिक पदवी मध्येच तोडून अर्धी देता येत नाही, आणि मधूनच कुणाला आतही घेता येत नाही. तिच्या हातात सहा सत्रांच्या गुणपत्रिका आल्या आणि पदवी नाही. तिने पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.कॉम. केलं. प्रवेशाच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बीबीए हाच खरा ओढा असेल तर सरळ बीबीए करा. पाच वर्षांची ही पदवी पहिल्या दिवसापासून वकिलीचीच आहे.

याच नियमांतली दुसरी अट मामेबहिणीने विचारली होती. २०२२ मध्ये यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली, मग एलएलबीबरोबर रेग्युलर एमबीए करता येईल का? नाही. कायद्याच्या पदवीला बार कौन्सिलचा नियम लागतो. त्यात दुसरा नियमित अभ्यासक्रम एकाच वेळी करता येत नाही. दूरशिक्षणाचा चालतो. आता तर विद्यार्थ्यांकडून तसं लेखी घ्यायलाही बार कौन्सिलने सांगितलं आहे. "कुणाला कळतंय" म्हणून कुणी करत असेल तर करू नका, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढताना ते आडवं येतं.

आता त्या चेककडे. जून २०२२. पाच वर्षांत २० आठवड्यांची इंटर्नशिप बंधनकारक असते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पहिली मोठी इंटर्नशिप मी बार्शीत त्याच वकीलसाहेबांकडे केली. पुण्यात इंग्रजीतून मूट कोर्ट, म्हणजे सरावाचे नकली खटले, गाजवून आलेली मी तालुका कोर्टात पहिल्या दिवशी गार पडले. इथे सगळं मराठीत. दावा, कैफियत, मनाई हुकूम, निशाणी, रोजनामा, सरतपास, उलटतपास. वकीलसाहेब म्हणाले, "निशाणी ५ वरचा हुकूम काढ बघू," आणि मी शिक्का असलेलं पान शोधत बसले. कारकून आजोबांनी हळूच दाखवलं की निशाणी म्हणजे अर्जाला दिलेला क्रमांक. कॉलेजची उजवी-डावी वही मी आता उलटी वापरायला लागले.

दुसऱ्या आठवड्यात मुदतीच्या कायद्यावर बोलणं चाललं होतं. विकलेल्या मालाच्या पैशांचा दिवाणी दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत लावता येतो. मी सहज म्हटलं, आमचा जानेवारी २०१८ चा, म्हणजे २०२१ मध्येच गेला. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला होता. १० जानेवारी २०२२ च्या आदेशाप्रमाणे, १५ मार्च २०२० ला जेवढी मुदत शिल्लक होती तेवढी १ मार्च २०२२ पासून पुढे मिळत होती. आमचे दहा महिने शिल्लक होते. म्हणजे २०२२ सरेपर्यंत दावा लावता येत होता.

संध्याकाळी दुकानात सांगितलं. अण्णांनी गल्ल्याचा खालचा कप्पा उघडला. चेक, बँकेचा मेमो, माल नेल्याच्या चलनाची कार्बन प्रत, सगळं रबरबँड लावून तिथेच होतं. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते म्हणाले, "आता नको. त्याचंही कोविडात लई वाटोळं झालंय." दोन महिने हा विषय बंद. मग त्या ठेकेदाराने नवी गाडी घेतली आणि विषय आपोआप उघडला. सप्टेंबर २०२२ मध्ये दावा दाखल झाला. कोर्ट फी, टायपिंग, नोटीस, वकीलसाहेबांनी घेतली ती जुजबी फी, सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास गेले.

चौथ्या वर्षी हिवाळ्यात मुंबईत एका दिवाळखोरी व्यावसायिकाच्या, म्हणजे बुडालेल्या कंपन्यांचं काम बघणाऱ्याच्या, ऑफिसात चार आठवडे काढले. विरारला मावशीकडे राहून कफ परेडला जायचं, म्हणजे सकाळी सहा चाळीसची लोकल आणि चर्चगेटहून बस. तिथल्या एमटीएनएलच्या इमारतीत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण बसतं. मला वाटलं होतं युक्तिवाद ऐकायला मिळतील. मिळालं एक एक्सेल शीट. एक कंपनी बुडालेली, तिच्याकडून येणं असलेल्या ३०० हून जास्त लोकांचे दावे आलेले. बँकांचे एका नमुन्यात, माल पुरवणाऱ्यांचे दुसऱ्या, फ्लॅट घेतलेल्यांचे तिसऱ्या. प्रत्येक दावा कंपनीच्या खात्याशी ताडून बघायचा. पाइप पुरवणारा एक व्यापारी होता, सांगलीकडचा. त्याने चौदा लाखांच्या दाव्याला जोडली होती ती स्वतःच्या खतावणीची पानं, शाईने लिहिलेली, आमच्यासारखीच. बिलं निम्मीच. ऑफिसातला सीए म्हणाला, बिलाशिवाय नाही. वकील मॅडम म्हणाल्या, नेहमीच्या धंद्यात ठेवलेली वही पुरावा म्हणून चालते, पण नुसत्या वहीवर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही, जोडीला काहीतरी हवं. मी गाडीच्या बिल्ट्या आणि कंपनीच्या गेटवरचं आवक रजिस्टर मागवून जुळवलं. नऊ लाख चाळीस हजारांपर्यंत जुळलं.

जमा-नावे आणि पुरावा कायदा एकाच पानावर आलेले मी तिथे पहिल्यांदा पाहिले, साडेतीन वर्षांनी. त्या रात्री अण्णांना फोन करून एवढंच विचारलं, की त्या मालाची टेम्पोची पावती आहे का. होती.

शेवटचं वर्ष फायलींचं. मसुदालेखनाच्या पेपरला १५ कज्ज्यांचे मसुदे आणि १५ दस्तांचे, सगळे हाताने लिहून. मूट कोर्ट तीन, दिवाणी आणि फौजदारी खटल्यांचं निरीक्षण, पक्षकाराच्या मुलाखतींची डायरी, मग तोंडी परीक्षा. या फायली शेवटच्या महिन्यात लिहायला काढल्या तर बोटं कामातून जातात, माझी गेली. दस्त लिहिताना मी खरेदीखतात बार्शीच्या चतुःसीमा टाकल्या, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पूर्वेला कोण राहतं ते विचारलं. आत्या राहते म्हटलं.

आणि १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा, तिन्ही गेले. पाच वर्षं ३०२ आणि ४२० पाठ केलेल्या आम्ही मुली, निकाल हातात येतोय तोवर खुनाचं कलम १०३ झालेलं. पदवी मिळताच जुनी झाली म्हणून आम्ही हसलो, आणि नवीन बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याची पुस्तकं, घ्यायला आप्पा बळवंत चौकात गेलो.

सनदेच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं होतं. नोंदणीसाठी राज्यांच्या बार कौन्सिली हजारो रुपये घेत, काही राज्यांत ४० हजारांच्याही वर. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्यायचं, म्हणजे सर्वसाधारण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. मी सप्टेंबरमध्ये अर्ज केला. पैसे वाचले, कागद नाही वाचले. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, दहाही सत्रांच्या, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, नोकरी-धंदा करत नसल्याचं शपथपत्र. शेवटच्यात मी अडखळले, कारण दुकानाच्या जीएसटीचं काम माझ्या मोबाइल नंबरवर होतं. वकीलसाहेब म्हणाले, नंबर बदलून घे आणि मग सही कर. बदलला. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, हे आजोबांच्या 'राम'पासून शिकलेले असल्याने तिथे अडलं नाही.

नोंदणी झाली तरी अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. माझ्या वेळी ३५०० रुपये फी, १०० प्रश्न, ४५ ला पास. टिपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतात, म्हणून लोक अभ्यास न करता जातात आणि पानं उलटण्यातच वेळ घालवतात. माझी परीक्षा २४ नोव्हेंबरची होती, ती दोनदा पुढे जाऊन २२ डिसेंबर २०२४ ला झाली. निकाल मार्चमध्ये, पास.

घरातून एकूण गेले ते साडेसहा लाखांच्या आसपास, शिष्यवृत्तीचे वजा जाता. कोविडची दीड वर्षं पुण्याचं भाडं वाचलं म्हणून एवढ्यात भागलं. नोकरीचं विचाराल तर वर्गातल्या चौघांना कंपन्यांत काम मिळालं, दोघी न्यायाधीश परीक्षेची तयारी करताहेत, एकजण एमबीएसाठी कॅट देतोय. बाकी आम्ही ज्युनिअर. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात २० आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे. शिफारस आहे. मला सहा मिळतात आणि दुपारचा डबा वकीलसाहेबांच्या घरून येतो.

अण्णांच्या दाव्यात ठेकेदाराची कैफियत आली आहे, माल मिळालाच नाही अशी. मुद्दे निघाले, अण्णांचं सरतपासाचं शपथपत्र दाखल झालं. दावा २०२२ चा असल्यामुळे पुरावा जुन्याच कायद्याने होणार, म्हणजे खतावणीला कलम ३४ च. गेल्या तारखेला उलटतपास होता. अण्णा २०१७-१८ ची वही फडक्यात गुंडाळून सकाळी साडेदहालाच कोर्टात येऊन बसले होते. वकीलसाहेबांनी मला शेजारी बसवलं होतं, पण अण्णांशी एक शब्द बोलायचा नाही अशी ताकीद देऊन. पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी तब्येतीचं कारण सांगून तारीख मागितली, कोर्टाने २०० रुपये खर्च लावून दिली. अण्णांनी वही पुन्हा फडक्यात बांधली, जिन्यापाशी मला विचारलं, "दोनशे कुणाला मिळतात?" आपल्याला, म्हटलं. "मग पावती घे," म्हणाले, आणि दुकान उघडायला गेले.